कनेक्शन किती वेळ धरायचे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मिळणे हा मी माझा मोठा मान समजतो. सरांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. त्यातही रांगांचे गणित त्यांच्या खास आवडीचे. माझा आजचा विषय वरवर पाहता फक्त संगणकवाल्यांच्या कामाचा वाटेल: पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेल्या संकेतस्थळांनी डेटाबेसशी होणारी कनेक्शन्स कशी सांभाळावीत? पण या विषयाच्या तळाशी सरांचेच गणित आहे, म्हणून तो या व्यासपीठासाठी निवडला.

सभागृहात रोज कोड लिहिणारी मुले-मुली आहेत, तशीच कोडची एकही ओळ न पाहिलेली ज्येष्ठ मंडळीही आहेत. माझे म्हणणे दोघांसाठी आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. डेटाबेसचे कनेक्शन ही मोजकी आणि सगळ्यांनी मिळून वापरायची वस्तू आहे. अशी कनेक्शन्स किती आहेत हा प्रश्न दुय्यम. प्रत्येकाने ते किती वेळ अडवून धरले, यावर संकेतस्थळ तग धरते किंवा कोलमडते.

कनेक्शन उघडताना काय घडते

तुम्ही एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकाचे नाव टाकून शोध घेता. तुमची मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, सर्व्हरवर पोहोचते आणि तिथे पीएचपीची स्क्रिप्ट चालू होते. पुस्तकांची यादी मात्र त्या स्क्रिप्टजवळ नसते. ती असते मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, आणि तो अनेकदा दुसऱ्याच यंत्रावर असतो. स्क्रिप्टला त्याच्याशी बोलायचे तर आधी ओळख पटवावी लागते. नेटवर्कवरून हाक आणि प्रतिसाद, मग वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड, संरक्षित वाहिनी हवी असेल तर तिच्या किल्ल्यांची देवाणघेवाण, मग कोणता डेटाबेस, कोणती अक्षरपद्धती. एवढे झाल्यावर पहिला खरा प्रश्न विचारता येतो.

दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रावर असतील तर हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत आटोपते. पण समजा, स्क्रिप्ट मुंबईत चालते आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीला, जाऊन येऊन, किमान १३० मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्षातली केबल सरळ रेषेत नसल्यामुळे त्याहून जास्तच. ओळख पटवायला अशा तीन-चार फेऱ्या होतात. प्रश्न विचारण्याआधीच अर्धा सेकंद संपलेला असतो.

डेटाबेसच्या बाजूलाही खर्च आहे. मायएसक्यूएल प्रत्येक कनेक्शनसाठी एक थ्रेड राखून ठेवते. पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस उभी करते. दोन्हींत मेमरी जाते. शिवाय कनेक्शनला स्वतःची आठवण असते. त्यावर तयार केलेले तात्पुरते टेबल, ठरवलेली व्हेरिएबल्स, अर्धवट राहिलेले ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचा व्यवहार), लावलेली कुलुपे हे सगळे ते कनेक्शन जिवंत असेपर्यंत टिकते. ही आठवण ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

म्हणूनच कनेक्शन्सच्या संख्येला मर्यादा घातलेली असते. मायएसक्यूएलमध्ये काहीही न बदलता मिळणारी मर्यादा १५१, पोस्टग्रेसमध्ये १००. मायएसक्यूएलमध्ये मर्यादा भरल्यावर पुढच्याला १०४० क्रमांकाची चूक मिळते: ‘टू मेनी कनेक्शन्स’. मात्र व्यवस्थापकासाठी एक जास्तीची जागा राखलेली असते. सगळी जागा भरल्यावरही कुणाला तरी आत जाऊन, कोण अडून बसले आहे हे पाहता यावे, एवढ्यासाठी.

पीएचपीचा स्वभाव

पीएचपीचा जन्म १९९४चा. ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि ८ जून १९९५ रोजी ते जगाला खुले केले. पुढे इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोघांनी पीएचपीचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८मध्ये तिसरी आवृत्ती आली. मायएसक्यूएलसुद्धा १९९५चीच, स्वीडनमधली. फुकट मिळणारी, साध्या यंत्रावर चालणारी ही जोडी जमली आणि जगातल्या असंख्य छोट्या संस्था इंटरनेटवर आल्या. २००३मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस याच जोडीवर उभे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेही पीएचपीतच लिहिलेले आहे. म्हणजे आजचा विषय मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातला आहे, त्याला ते माहीत असो वा नसो.

पीएचपीचा एक स्वभाव तिला इतर अनेक भाषांपासून वेगळा पाडतो. जावात लिहिलेला सर्व्हर एकदा चालू झाला की दिवसचे दिवस जिवंत राहतो. पारंपरिक पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीने सुरू होते. उत्तर देऊन झाले की स्क्रिप्टने घेतलेले सगळे सोडले जाते: मेमरी, उघडलेल्या फायली आणि डेटाबेसचे कनेक्शनही. प्रोग्रामर कनेक्शन बंद करायला विसरला तरी भाषा त्याच्यासाठी ते बंद करते. शिकाऊ माणसालाही चालणारे संकेतस्थळ उभे करता आले, त्यात या उदारपणाचा मोठा वाटा आहे. मी त्याला गुणच मानतो.

पण त्यातली खोच अशी, की भाषा कनेक्शन सोडते ते स्क्रिप्टच्या शेवटी. काम संपल्यावर नाही. काम संपणे आणि स्क्रिप्ट संपणे यांच्यामध्ये किती वेळ जातो, हे कुणी मोजत नाही. आणि सगळी गडबड त्या मधल्या वेळात होते.

सरांचे गणित

मर्यादित जोडण्या आणि वाढते मागणारे हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर क्रारुप अर्लांग यांनी तो गणितात बसवला आणि १९०९मध्ये आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. एक्सचेंजमध्ये किती तारा ठेवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला फार थांबावे लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न. पुढे १९६१मध्ये जॉन लिटल यांनी एका साध्या सूत्राची सिद्धता दिली. सर हे सूत्र फळ्यावर लिहून वर्गाला म्हणत, हे एवढे पाठ करा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

सूत्र असे: एका वेळी गुंतलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ.

हे आपल्या डेटाबेसला लावू. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक जण कनेक्शन ५० मिलिसेकंद धरतो. २०० गुणिले ०.०५, म्हणजे १०. एका क्षणी सरासरी १० कनेक्शन्स गुंतलेली. १५१च्या मर्यादेत ऐसपैस जागा. आता कुणीतरी टेबलावरचा, शोध जलद करणारा एक इंडेक्स काढून टाकला किंवा टेबल इतके वाढले की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मंदावली, आणि तोच वेळ १ सेकंद झाला. माणसे तेवढीच आली, पण गुंतलेली कनेक्शन्स झाली २००. संकेतस्थळ बंद.

या उदाहरणात गर्दी एका माणसानेही वाढलेली नाही. तरी प्रत्यक्षात असे घडले की ‘ट्रॅफिक फार आले’ म्हणून बैठक होते, मर्यादा १५१ची ५०० केली जाते किंवा मोठा सर्व्हर घेतला जातो. मर्यादा वाढवल्याने मंद क्वेरी जलद होत नाही. उलट ५०० थ्रेड्स त्याच प्रोसेसरसाठी आणि त्याच डिस्कसाठी झगडू लागतात आणि प्रत्येकाचा वेळ आणखी वाढतो. वेळ वाढला की सूत्राप्रमाणे संख्या वाढते, संख्या वाढली की वेळ. मर्यादा वाढवण्याआधी वेळ मोजा, हा या गणिताचा पहिला धडा.

दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ठरलेली वेळ झाली की लाखो घरांतून एकाच मिनिटात एकच मागणी जाते. अशा वेळी सर्वांत चांगले कनेक्शन म्हणजे न घेतलेले कनेक्शन. निकाल जाहीर झाल्यावर त्या दिवसापुरता तो बदलत नाही. मग प्रत्येक विद्यार्थ्याचे पान आधीच तयार करून ठेवता येते किंवा एकदा काढलेले उत्तर कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवता येते. डेटाबेसला तोच प्रश्न लाख वेळा विचारण्याचे कारण उरत नाही.

एक स्क्रिप्ट जवळून

आता एक छोटी स्क्रिप्ट जवळून पाहू. एका परीक्षेचे गुणपत्रक काढणारी. अशा स्क्रिप्ट मी गावोगावच्या संस्थांत पाहिल्या आहेत आणि त्यांची ठेवण बहुतेक एकसारखी असते.

पहिल्या ओळीत कनेक्शन उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बैठक क्रमांकावरून गुण वाचले जातात, त्याला लागतात २० मिलिसेकंद. मग गुणपत्रकाची पीडीएफ तयार होते, त्याला ३ सेकंद. मग ती पालकांच्या ईमेलवर पाठवली जाते, मेलसर्व्हर सावकाश उत्तर देतो, आणखी २ सेकंद. मग स्क्रिप्ट संपते आणि पीएचपी कनेक्शन सोडते. २० मिलिसेकंदांच्या कामासाठी कनेक्शन ५ सेकंद अडकले. सेकंदाला ४० विद्यार्थी आले तर ४० गुणिले ५, म्हणजे २०० कनेक्शन्स. त्यांतली जवळजवळ सगळी रिकामी बसलेली. त्या वेळी मायएसक्यूएलमध्ये चालू कनेक्शन्सची यादी मागवली, तर ओळीमागून ओळ ‘स्लीप’ असे लिहिलेली दिसते. सभागृह भरले आहे आणि बोलत कुणीच नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. गुण वाचून झाले की ते व्हेरिएबलमध्ये घ्या, कनेक्शन सोडा आणि मग पीडीएफच्या मागे लागा. डेटाबेसशी बोलण्यासाठी पीएचपीचा पीडीओ हा विस्तार वापरत असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. पीडीओमध्ये बंद करण्याचा वेगळा आदेश नाही. कनेक्शनच्या व्हेरिएबलला नल द्यायचे असते. पण त्या कनेक्शनवर तयार केलेले स्टेटमेंटही त्याला धरून असते. स्टेटमेंटचे व्हेरिएबल जिवंत राहिले तर कनेक्शनही उघडेच राहते. म्हणून दोन्हींना नल द्यावे लागते. त्याहून चांगली सवय म्हणजे डेटाबेसचे काम एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवणे. कनेक्शनही त्याच फंक्शनमध्ये उघडलेले असेल तर फंक्शन संपताच दोन्ही आपोआप सुटतात.

ईमेल तर त्या रिक्वेस्टमध्ये पाठवूच नये. ‘या पत्त्यावर हे पाठवायचे आहे’ अशी नोंद एका टेबलात करावी आणि मागे चालणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टने ती सवडीने निपटावी. विद्यार्थ्याला उत्तर लगेच मिळते आणि मेलसर्व्हरचा संथपणा डेटाबेसच्या गळ्यात पडत नाही.

याच चुकीचे अधिक गंभीर रूप ट्रान्झॅक्शनमध्ये दिसते. ट्रान्झॅक्शन सुरू करायचे, शिल्लक रकमेच्या ओळीला कुलूप लावायचे आणि मग पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहत बसायचे. आता कनेक्शनसोबत ती ओळही अडली. तिला हात लावू पाहणारा दुसरा प्रत्येक जण आपापले कनेक्शन धरून थांबतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ही वाट पाहण्याची ठरावीक मुदत ५० सेकंद आहे. ५० सेकंद म्हणजे गर्दीच्या वेळी अनंतकाळ. नियम सरळ आहे: ट्रान्झॅक्शन उघडे असताना बाहेरच्या जगाशी बोलू नये.

न सोडण्याचा मोह

‘उघडायला इतका खर्च येतो, तर बंदच का करायचे?’ असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि पीएचपीने त्याला फार पूर्वी उत्तर दिले आहे. त्याचे नाव पर्सिस्टंट कनेक्शन. स्क्रिप्ट संपली तरी ते उघडे राहते आणि त्याच प्रोसेसकडे पुढची रिक्वेस्ट आली की तिला तयार मिळते.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. पर्सिस्टंट कनेक्शन म्हणजे सामायिक साठा, असे अनेकांना वाटते. तसे ते नाही. पीएचपीची प्रत्येक प्रोसेस स्वतंत्र असते आणि आपले कनेक्शन शेजारच्या प्रोसेसला देऊ शकत नाही. समजा, पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या एफपीएमच्या प्रत्येक सर्व्हरवर ६० प्रोसेस आणि असे ३ सर्व्हर, म्हणजे १८० कनेक्शन्स. पहाटे ३ वाजता एकही वाचक नसताना ती तशीच उघडी राहू शकतात, कारण मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन आपणहून तोडते ते २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी. १८० आणि १५१ यांची वजाबाकी कुणीही करू शकेल.

दुसरा धोका त्या आठवणीचा, जी मी मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली. आधीच्या रिक्वेस्टने ट्रान्झॅक्शन अर्धवट सोडले असेल, टेबलाला कुलूप लावले असेल, तर ते पुढच्याच्या पदरात पडू शकते. पुढची रिक्वेस्ट कुणा भलत्याच माणसाची असते. मायएसक्यूएलआय या विस्ताराने यावर उपाय केला आहे. जुने कनेक्शन पुन्हा देताना तो आधीची अवस्था पुसून देतो. या पुसण्यालाही थोडा वेळ लागतो, पण तो सत्कारणी लागतो. पीडीओच्या पर्सिस्टंट कनेक्शनमध्ये ही सफाई आपोआप होईल असे गृहीत धरता येत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

म्हणून माझा सल्ला असा: डेटाबेस त्याच यंत्रावर किंवा शेजारच्याच यंत्रावर असेल, तर पर्सिस्टंटच्या वाटेला जाऊ नका. उघडण्याचा खर्च नगण्य आहे आणि कोऱ्या पाटीचे सुख मोठे आहे. डेटाबेस दूर असेल किंवा पोस्टग्रेससारखा प्रत्येक कनेक्शनमागे प्रोसेस उभी करणारा असेल, तर साठा पीएचपीच्या बाहेर ठेवा. पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर आहे, जो स्काइपच्या अभियंत्यांनी लिहून २००७मध्ये खुला केला. मायएसक्यूएलसाठी प्रॉक्सीएसक्यूएल आहे. हे मध्यस्थ डेटाबेसशी मोजकी कनेक्शन्स उघडी ठेवतात आणि शेकडो स्क्रिप्टना ती आळीपाळीने देतात. पीजीबाउन्सरमध्ये एक व्यवस्था अशी आहे, की ट्रान्झॅक्शन संपले की कनेक्शन लगेच दुसऱ्याला मिळते. पण मग तुमच्या दोन क्वेरी दोन वेगळ्या कनेक्शन्सवर जाऊ शकतात आणि आधीच्या कनेक्शनच्या आठवणीवर विसंबता येत नाही. सोय घेतली की तिची शिस्तही घ्यावी लागते.

मराठी अक्षरे आणि कनेक्शन

आता मराठी माणसाला थेट भिडणारा भाग. कनेक्शन उघडताना अक्षरपद्धती ठरते, असे मी सुरुवातीला ओझरते म्हणालो. मराठी मजकुराचे जितके हाल या एका गोष्टीने झाले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असतील.

यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मायएसक्यूएलची जुनी ठरावीक पद्धती मात्र लॅटिन-१ होती, जिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. ती बदलली २०१८मध्ये, आठव्या आवृत्तीत. तोपर्यंत ज्याने कनेक्शनची पद्धती सांगितली नाही, त्याच्या १५ बाइटना डेटाबेस १५ रोमन अक्षरे समजत असे.

यातली घातक गोष्ट ही, की सगळे ठीक दिसत असे. चुकीच्या कनेक्शनवरून आत गेलेले बाइट तशाच चुकीच्या कनेक्शनवरून जसेच्या तसे बाहेर येत आणि ब्राउझरमध्ये ‘मराठी’ असे स्वच्छ उमटे. वर्षानुवर्षे कुणाला पत्ता लागत नसे. शोध मात्र नीट चालत नसे आणि याद्या अकारविल्हे लागत नसत. नावांसाठी २० अक्षरांची जागा ठेवलेली असे, तिच्यात खरे तर २० बाइटच मावत. ‘ज्ञानेश्वर’ या नावात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. २० बाइटवर कापले की ‘ज्ञाने’ एवढे पूर्ण उरते आणि पुढे ‘श’चे ३ पैकी २ बाइट लोंबकळत राहतात, जे कोणत्याच अक्षराचे नसतात. मग एक दिवस कुणीतरी कनेक्शनची पद्धती दुरुस्त करी आणि सगळी जुनी पाने खुणा लावलेल्या रोमन अक्षरांनी भरून जात. दोष त्या दिवशी दिसला, पण केला होता पहिल्या दिवशी.

हा मजकूर निदान परत मिळवता येतो, कारण बाइट शाबूत असतात. मात्र कनेक्शन यूटीएफ-८चे आणि टेबल लॅटिन-१चे असेल, तर जुन्या, सैल मांडणीत डेटाबेस प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवी. ‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे. तो मजकूर कायमचा गेला. कोणतीही युक्ती तो परत आणू शकत नाही.

म्हणून पीडीओमध्ये कनेक्शनच्या ओळीतच अक्षरपद्धती लिहा, मायएसक्यूएलआयमध्ये तिच्यासाठी असलेले सेट-कॅरसेट हे फंक्शन वापरा आणि पद्धती निवडा यूटीएफ-८-एमबी-४. मायएसक्यूएलची जुनी ‘यूटीएफ-८’ फक्त ३ बाइटपर्यंत जाते. देवनागरी तिच्यात बसते, म्हणून मराठी लोक निर्धास्त राहतात. पण इमोजींपैकी बहुतेकांना ४ बाइट लागतात. आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे २०१४मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांनाही ४ बाइट लागतात. उद्या आपल्या दफ्तरांतली मोडी कागदपत्रे अक्षररूपात डेटाबेसमध्ये यायची असतील, तर जुन्या पद्धतीच्या कनेक्शनवरून ती जाणार नाहीत.

किल्ली आणि चुका

दोन गोष्टी थोडक्यात. पहिली पासवर्डची. कनेक्शन जमले नाही तर पीडीओ एक्सेप्शन टाकते. ते कुणी पकडले नाही आणि चुका पडद्यावर दाखवण्याची सोय चालू राहिली, तर तपशिलासोबत पासवर्डही वाचकाला दिसण्याचा धोका असे. पीएचपी ८.२मध्ये, २०२२च्या डिसेंबरात, अशी संवेदनशील माहिती झाकण्याची सोय आली. तरीही चूक लॉगमध्ये लिहावी आणि वाचकाला साध्या शब्दांत निरोप द्यावा, हेच खरे. पासवर्ड कोडपासून वेगळा ठेवावा आणि डेटाबेसच्या खात्याला गरजेपुरतेच अधिकार द्यावेत. फक्त वाचणाऱ्या पानाला टेबल पुसण्याचा अधिकार कशाला हवा?

दुसरी गोष्ट जुन्या कोडची. ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ या फंक्शनवर वेबची एक पिढी शिकली. २०१३मध्ये ते वापरू नका असे पीएचपीनेच सांगितले आणि २०१५च्या अखेरीस सातव्या आवृत्तीतून ते काढून टाकले. त्याच्यासोबत, क्वेरीच्या मजकुरात वाचकाचे शब्द थेट चिकटवण्याची रीतही जायला हवी होती. ती अजून पुरती गेलेली नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरले की क्वेरी वेगळी आणि माहिती वेगळी राहते, आणि बाहेरच्या माणसाला आपल्या कनेक्शनवरून स्वतःचे हुकूम चालवता येत नाहीत.

बदलता काळ

पीएचपीचा कोऱ्या पाटीचा स्वभाव आता काही ठिकाणी बदलतो आहे. स्वूल, रोडरनर, फ्रँकनपीएचपी, लारावेल ऑक्टेन यांसारख्या व्यवस्थांमध्ये प्रोग्रॅम दीर्घकाळ जिवंत राहतो आणि एकामागून एक रिक्वेस्ट हाताळतो. वेग वाढतो, पण शेवटी आपोआप होणारी आवराआवर जाते. विसरलेले कनेक्शन आता उघडेच राहते, आणि रात्री डेटाबेसने तोडलेले कनेक्शन सकाळच्या पहिल्या वाचकाला ‘सर्व्हर निघून गेला’ अशा अर्थाची २००६ क्रमांकाची चूक दाखवते. भाषेने आजवर जे आपल्यासाठी केले ते यापुढे आपल्याला करावे लागेल. जुन्या पीएचपीत ही शिस्त ज्यांनी अंगी बाणवली, त्यांना नव्या व्यवस्थेत काही वेगळे शिकावे लागणार नाही.

श्रोतेहो, शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली विद्यार्थ्यांना. उद्या तुमचे कोणतेही पान उघडा आणि दोन आकडे लिहून काढा: कनेक्शन किती वेळ उघडे राहिले आणि त्यातला किती वेळ त्यावर खरे काम झाले. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर नवा सर्व्हर मागण्याआधी ती कमी करा. कनेक्शन गरज पडेल तेव्हाच घ्या, काम होताच सोडा आणि सोडताना स्वच्छ करून सोडा.

दुसरी विनंती इथे बसलेल्या संस्थाचालकांना, ग्रंथपालांना, बँकांच्या संचालकांना. संकेतस्थळ करून घेताना तुम्ही रंग पाहता, चित्रे पाहता, किंमत विचारता. यापुढे तीन प्रश्न जास्तीचे विचारा. गर्दीच्या वेळी किती कनेक्शन्स लागतील आणि तो हिशेब कसा केला? मराठी मजकूर कोणत्या अक्षरपद्धतीत जातो आणि येतो? डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवला आहे? ज्याने काम नीट केले आहे तो पाच मिनिटांत उत्तर देईल. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्या हाती आपल्या सभासदांची, वाचकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती सोपवू नका.